ऊन दाखवलेली पुस्तकं

गेले काही दिवस ऊन पडतंय. पडतंय असं लिहिताना हात जरा अडखळतो, कारण आश्विनातल्या उन्हावर रत्नागिरीच्या माणसाने एकदम विश्वास ठेवायचा नसतो. सकाळी आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं असतं. दगडी गडग्यावरचं शेवाळ बघता बघता तपकिरी होतं, पावस गावच्या शाळेतून परतताना एसटीच्या खिडकीतून पिवळी पडलेली भाताची खाचरं दिसतात, आणि माणसं घामाला शिव्या देत का होईना, पण छत्र्या घरी ठेवायला लागतात. मग दुपार कलली की पूर्वेला, घाटाच्या बाजूने काळं काहीतरी डोकं वर काढतं आणि छत्री घरी ठेवून आलेला प्रत्येक जण स्वतःशीच म्हणतो, मला वाटलंच होतं.

तरीही काल मी पुस्तकांचं कपाट उघडलं. पावसाळ्यात वाचलेली सगळी तिथे दाटीवाटीने बसली होती. डोंगरातल्या आरोग्य केंद्रात उभी हयात काढलेल्या एका नर्सबाईंच्या आठवणी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बर्फ पडत राहणारी एक जाडजूड अनुवादित कादंबरी, झाडांच्या सालींवरचं एक बारकं पुस्तक. विषय इतके वेगळे, पण वास सगळ्यांना एकच, चार महिने बंद राहिलेल्या खोलीचा. बर्फाच्या कादंबरीवर तर पांढरी बुरशी आली होती, जणू आतला बर्फच बाहेर आला. मी सतरंजी घेऊन गॅलरीत गेले, एकेक पुस्तक उघडून पालथं घातलं आणि वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून वर जांभ्याचे खडे ठेवले. खडे ठेवता ठेवता पुस्तकवाल्या आप्पांच्या गच्चीवरचा तो आश्विन आठवला. तसा तो दर वर्षी या दिवसांत आठवतोच.

त्याआधी मला माझ्या संशयाबद्दल सांगायला हवं. तो माझा एकटीचा नाही, घरातून आलेला आहे. माझी आई मिरकरवाड्याच्या बाजूला मासे विकायची. मासा हातात घेतला की आधी कल्ला उचलून बघायचा, लाल असेल तरच पुढचं बोलायचं, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. विकणारीनेच ही शिकवण दिल्यामुळे तिच्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. आमच्या घरात पुस्तकं नव्हती. शाळेची होती, ती वर्ष संपलं की पुढच्या पोरीकडे जायची. मी घरातली पहिली पदवीधर. बी.ए. झाले त्या दिवशी आईने माझ्या प्रमाणपत्राचा कागद उजेडात धरून उलटसुलट बघितला होता, मासा बघावा तसा.

म्हणून पुस्तक घेताना मी अजूनही ते आधी मधेच उघडते. वास घेते. शिवण ओढून बघते. मोबाईलवरून मागवलेलं पुस्तक दारात येतं तेव्हा तर खोका उघडायच्या आधीपासूनच माझ्या मनात पाल चुकचुकते. एकदा आलेल्या कादंबरीची अक्षरं झेरॉक्ससारखी पुसट होती आणि मधली काही पानं दोनदा छापलेली. परत पाठवायची सोय होती, पण कोणाशी भांडायचं तेच कळेना. भांडायला समोर माणूस लागतो. आणि तिथे वर सतत लिहून येतं, तुम्हाला हेही आवडेल. मला काय आवडेल हे मलाच ठाऊक नसताना याला कोणी सांगितलं?

आप्पांची रीत याच्या अगदी उलट. "हे तुला आवडणार नाही," ते म्हणत, "म्हणून घे."

आप्पांचं दुकान जुन्या बाजाराजवळच्या एका अरुंद गल्लीत आहे. खाली दुकान, मागच्या बाजूने जिना, वर सिमेंटची गच्ची. समोर दत्तूभाऊंचं शिवणकामाचं दुकान. रत्नागिरीत शाळेची पुस्तकं, गाईडं, वह्या आणि त्यांच्यासोबत पाण्याच्या बाटल्या विकणारी दुकानं पुष्कळ आहेत. नुसती वाचायची पुस्तकं ठेवणारं, आणि ती ठेवणाऱ्याने स्वतः वाचलेली असणारं, मला तरी हे एकच ठाऊक आहे. कॉलेजात असताना मी तिथे पहिल्यांदा गेले आणि एक पुस्तक उभ्याने वाचत राहिले. थोड्या वेळाने आप्पांनी काही न बोलता माझ्या मागे स्टूल सरकवलं. मी घरी येऊन आईला सांगितलं तर ती मासे निवडता निवडता थांबली.

"बस म्हनला? फुकट?"

"हो."

"मग बघून ऱ्हा. फुकट कोन देतो गो पोरी? त्याचं काय घेनं असेल तां बघ."

मी कितीतरी महिने बघून राहिले. त्यांचं घेणं एवढंच निघालं की, वाचून झाल्यावर ते विचारत, "काय वाटलं?" आणि नुसतं "छान" म्हटलं की त्यांचा चेहरा आंबट होई. "छान म्हणजे काय? पोहे छान असतात." मग मला नीट सांगावं लागे. पुस्तकाबद्दल नीट काही सांगण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली जागा. आज मी वर्गात उभी राहून मुलांना कविता शिकवते, त्यात त्या स्टुलाचा वाटा मोठा आहे. हे मी त्यांना कधी तोंडावर म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, वाटा म्हणजे नक्की काय?

पावसाळ्यात त्या दुकानात गेलं की पुस्तकांना सर्दी झाल्यासारखं वाटायचं. सगळी फुगलेली, जड, बोलायला नाखूष. म्हणून पितृपक्ष संपला की आप्पा पुस्तकांना ऊन दाखवायला काढत. त्याची शिस्त होती. सकाळचं कोवळं ऊन थोडाच वेळ, मग ताडपत्रीच्या सावलीत नुसती उष्ण हवा. भर दुपारचं ऊन लागलं तर मुखपृष्ठ विटतं आणि डिंक सुटतो. प्रत्येक पुस्तक उघडून मऊ ब्रशने झाडायचं, कसर लागली आहे का बघायचं, आणि फळीवर परत ठेवताना मागे कडुलिंबाचा वाळका पाला आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवायची. त्या दिवसांत नेहमीची गिऱ्हाइकं मदतीला जमत. कोणी बोलावत नसे, पण ऊन पडलं की माणसं यायची. मी दर वर्षी असायचे. पुस्तकं वर न्यायची, झाडायची, आणि झाडता झाडता एखाद्यात अडकून भिंतीच्या सावलीत बसून राहायचं. "झाडायला दिलंय, वाचायला नाही," आप्पा ओरडत, आणि बघावं तर त्यांच्याही हातात ब्रश उलटा आणि पुस्तक सुलटं.

शेजारच्या गच्चीवर याच दिवसांत जवळा वाळत असे. वारा तिकडून आला की सगळं मराठी साहित्य सुकटीच्या वासाने भरून जाई. आप्पांचं आणि शेजारणीचं त्यावरून दर वर्षी ठरलेलं भांडण व्हायचं. "अहो, लोक पुस्तक उघडतात आणि त्यांना भूक लागते!" "मग बरंच आहे की आप्पा, कशासाठी तरी उघडतात." मला त्या वासाची लाज वाटायची, आणि पोटात कुठेतरी घरच्यासारखंही वाटायचं. कपाटातलं जुनं एखादं पुस्तक उघडल्यावर अजून तो पुसट वास येतो आणि हे आप्पांच्याच दुकानातलं, याची खूण पटते.

आणि मग ते वर्ष आलं. ऊन पडलं तशी मी रविवारी सकाळी गेले. दुकानाच्या मागे जिन्याचं दार बंद. आप्पा गल्ल्याशी बसलेले.

"या वर्षी कोणी यायचं नाही," ते म्हणाले. "मी माझं करतो."

"एकटे? एवढी पुस्तकं?"

"एकेक फळी करतो. घाई कसली आहे?"

आवाज नेहमीचा नव्हता. मी घरी आले ती डोक्यात किडा घेऊनच.

एकदा संशय आला की माणसाला सगळीकडे तेच दिसतं. मला दिसलं ते असं. मी गल्लीत वळले की समोरून दत्तूभाऊ मशीन थांबवून मोठ्याने म्हणत, "काय वंदनाबाई, आज शाळा लवकर सुटली वाटतं!" मी एकटीच नाही, कोणीही आलं तरी तसंच. "या या डॉक्टर!" "काय गुरव, गावाहून कधी आलास?" आप्पांच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी माझं नाव गल्लीत पुकारलेलं असे. हा माणूस आधी असा नव्हता. दाताखाली दोरा धरून मान खाली घालून शिवत बसायचा. याला कोणी पहाऱ्याला बसवलं?

दुसरी गोष्ट. पुस्तक विकलं की आप्पा पहिल्या पानावर आपल्या टपोऱ्या अक्षरात घेणाऱ्याचं नाव आणि तिथी घालत. लोक त्या अक्षरासाठी तिथून पुस्तक घेत. ते बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले, "शाई चांगली येत नाही हल्ली." मी नवी दौत नेऊन दिली. दौत तशीच फळीवर राहिली.

तिसरी गोष्ट मला फळ्या पाहून सुचली. मधूनमधून रिकाम्या असत. मी मनात जुळवाजुळव केली आणि उत्तर आलं की आप्पा दुकान विकतायत. त्यांचा मुलगा श्रीकांत पुण्याला असतो. तो कधीचा मागे लागला होता की दुकान बंद करा आणि इकडे चला, एकटे किती दिवस राहणार. ते मला ठाऊक होतं, आप्पांनीच हसत हसत सांगितलं होतं. आता चांगली चांगली पुस्तकं वरच्या वर बांधून पुण्याला जात असणार, गच्चीवर आम्ही गेलो तर दिसेल म्हणून दार बंद, आणि कोणी येतंय का बघायला समोर दत्तूभाऊ. मी त्या दिवसांत एक रहस्यकथा वाचत होते, तिच्यातल्या इन्स्पेक्टरला सुद्धा इतके सुबक धागेदोरे मिळाले नव्हते.

मला राग आला होता. रागाखाली भीती होती. हे दुकान गेलं तर रत्नागिरीत पुस्तकं मिळणार नाहीत असं नव्हतं. पण मी एखादं पुस्तक वाचलं की "काय वाटलं?" असं विचारणारं कोणी उरणार नव्हतं. ज्यांच्या घरात आजोबांपासून वाचनाची रीत आहे त्यांना कदाचित कळणार नाही, पण माझ्या वाचनाला वडीलधारं असं तेवढंच एक होतं.

मग एका शनिवारी मी मुद्दाम गेले. अर्धा दिवस शाळा. दत्तूभाऊंनी पुकारा केला, पण आप्पा दुकानात नव्हते, जिन्याचं दार उघडं होतं. मी वर गेले. गच्चीवर दोन फळ्यांची पुस्तकं सतरंजीवर ओळीने मांडलेली. बांधाबांध नाही, खोके नाहीत. आप्पा गुडघ्यांवर बसून एकेक पुस्तक उचलत होते, पाठीवरून बोट फिरवत होते, वास घेत होते आणि बरोबर त्याच जागी परत ठेवत होते. शांतपणे, देवघरातले देव पुसून ठेवावेत तसे.

"कोण?" त्यांनी एकदम मान वर केली.

मी उत्तर देणार तेवढ्यात वारा उलटला. घाटाकडचं काळं आभाळ आमच्या नकळत डोक्यावर आलं होतं. पहिले थेंब खिळे मारल्यासारखे आले. मी जिन्यातून खाली हाक मारली. दत्तूभाऊ गळ्यात टेप तसाच ठेवून धावले, शेजारीण आपला जवळा भिजत टाकून आली, रस्त्यावरून चाललेली माणसंसुद्धा वर चढली. जिन्यावर साखळी झाली. हातातून हातात पुस्तकं खाली आली, मिळेल त्या फळीवर, टेबलावर, खुर्चीवर कोंबली गेली. वीज कडाडत होती आणि आम्ही हसत होतो. एकही पुस्तक म्हणण्यासारखं भिजलं नाही. "वाचली हो आप्पा तुमची लक्ष्मी!" दत्तूभाऊ म्हणाले.

आप्पा दुकानाच्या मधोमध उभे होते. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. पण पाण्यातून वाचलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. घर लुटलं गेलेल्या माणसाचा होता.

दोन-तीन दिवसांनी मी शाळेच्या मुलांसाठी खेकड्यांवरचं एक पुस्तक मागायला गेले. मुखपृष्ठावर हा एवढा लालभडक खेकडा.

"विकलं गेलं गो," आप्पा म्हणाले. "कालच."

खेकडा त्यांच्या समोर होता. गल्ल्यावर, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, दोन्ही नांग्या वर करून. माझ्या अंगातून संतापाची लहर गेली. तोंडावर खोटं! मी ते पुस्तक उचललं, आप्पांच्या चेहऱ्यासमोर धरलं आणि हे काय मग, असं म्हणायला तोंड उघडलं.

त्यांचे डोळे हलले नाहीत. ते माझ्या आवाजाच्या जागी, माझ्या खांद्याच्या जरा वर, शांतपणे बघत होते. मी पुस्तक डावीकडे नेलं. उजवीकडे नेलं. मग हळूच होतं तिथे ठेवलं, आवाज होऊ न देता.

"मग मागवाल का?" मी विचारलं.

"मागवतो की."

बाहेर येऊन मी दत्तूभाऊंच्या दुकानात टेकले. बंद दार, दौत, बोटांनी चाचपलेल्या पाठी, सगळ्याचा अर्थ एकदम उलटा झाला होता. दुकानातली प्रत्येक फळी आप्पांना पाठ होती. तेवढ्या एका पाठांतरावर दुकान चाललं होतं. ते मोडू नये म्हणून त्यांनी आम्हाला उन्हाला येऊ दिलं नाही, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, धावतपळत ते मोडलं होतं. आता श्रीकांत दिवाळीला येईल, वडील पुस्तकांच्या ढिगात चाचपडताना बघेल, आणि कुलूप लावून त्यांना घेऊन जाईल. त्याच्या जागी कोणीही असतं तरी तेच केलं असतं.

"दत्तूभाऊ, तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?" ते काज करत होते. "मला काय ठाऊक असणार बाई? गल्लीत माणूस आला तर हाक नाय मारायची? शेजारधर्म म्हणून काय असतो की नाय?" आणि लगेच बाहेर बघून ओरडले, "काय पोस्टमन, आज उशीर!"

दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटली की जायला लागले.

"आप्पा, पावसात सगळा घोळ झालाय. मी नावं वाचते, तुम्ही जागा सांगा."

"नावं तू कशाला वाचायला हवीस? मला वाचता येतं."

"येतं हो. पण तुमचे हात धुळीने भरतील."

त्यांनी दोन्ही हात एकमेकांवर झटकले. मग म्हणाले, "मला तुझा संशय येतोय हां वंदना."

"मलाही तुमचा येतोय."

आप्पा हसले. खूप दिवसांनी हसले. डोळे हा शब्द आमच्यापैकी कोणीच काढला नाही, आणि आम्ही कामाला लागलो.

मला वाटायचं दुकानं विषयवार लावतात, नाहीतर लेखकांच्या नावांनी. आप्पांची रचना तिसरीच. मी नाव वाचायचे, ते पुस्तक हातात घेऊन तोलायचे आणि सांगायचे. "हे वर, उजवीकडे. त्याच्या शेजारी ते समुद्राचं नको, दोघांचं पटत नाही." "हे गल्ल्याजवळ, हे लोक चोरतात. चोरण्याइतकं चांगलं आहे." एकदा मी एक शोकाची कादंबरी वाचून दाखवली तर म्हणाले, "दारातून आत आल्यावर डावीकडे, सगळ्यात खाली."

"खाली कशाला? कोणाला दिसणार नाही."

"दिसतं. ज्याच्या घरी कोणी गेलेलं असतं तो माणूस खाली बघत येतो."

त्या दिवसांत मी जे दुकान पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजपासून मी तिथे जात होते आणि मला वाटत होतं की पुस्तकं मी निवडते. ती मला दिसावीत अशा उंचीवर कोणीतरी ठेवत होतं. मोबाईलवर, तुम्हाला हेही आवडेल, असं लिहून येतं तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, मग आप्पांचं हे करणं वेगळं कसं, असा संशय तेव्हाही आला होता, अजूनही अधूनमधून येतो. एवढंच सांगता येईल की मी एखादं पुस्तक वाईट आहे म्हणून परत आणलं की आप्पा खूश होत. "वाईट म्हणजे काय? बस, सांग."

दिवाळीला श्रीकांत आला. माझ्याहून थोडा मोठा, चष्म्याआड थकलेला, चांगला माणूस. मला तो दुष्ट वाटायला हवा होता, वाटला नाही. दुकानात त्याने वडिलांना दोन-तीन पुस्तकं काढायला सांगितली. मुद्दाम, हे मला कळत होतं. आप्पा उठले, हात वर केला, काढली, दिली. एकदाही चुकले नाहीत. मी स्टुलावर बसून बघत होते. मग श्रीकांत बाहेर आला आणि मला पायरीपाशी बोलावलं.

"आप्पांना दिसत नाही ना?"

"तुम्ही त्यांनाच विचारा."

"विचारलं. म्हणाले, उत्तम दिसतं, खोटं वाटत असेल तर वंदनाला विचार."

म्हणजे त्यांनी मला साक्षीला उभं केलं होतं. त्यांना माझ्याकडून खोटं हवं होतं की खरं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. समोर दत्तूभाऊंचं मशीन थांबलं होतं.

"रस्त्यावर दिसत नाही," मी म्हटलं. "दुकानात दिसतं."

"हे उत्तर त्यांनी पढवलंय?"

"नाही. पण डॉक्टरांना दाखवायला हवं. ते माझ्याने होत नाही, त्यांना मी सांगू शकत नाही. तुम्ही मुलगा आहात. दाखवा आणि परत आणून सोडा."

"परत आणून सोडा," तो हळूच म्हणाला. रागाने नाही. मग पायरीवर बसला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

काचबिंदू निघाला. गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं थेंब घालून राखायचं, असं डॉक्टर म्हणाले. मी खरं सांगितलं हे आप्पांना कळलं तेव्हा ते माझ्याशी पौषापर्यंत धड बोलले नाहीत. पण ते बोलले नाहीत ते रत्नागिरीत बसून, त्याच गल्ल्याशी बसून. त्यांना परत आणून सोडलं होतं. दुकान आता फक्त सकाळी उघडतं. श्रीकांत दर महिन्याला येतो, आणि येताना पुण्यातल्या दुकानांतून पुस्तकं आणतो, जी आप्पांना मुळीच आवडत नाहीत.

रविवारी मी जाते. नवीन आलेलं काहीतरी वाचून दाखवते आणि ते ऐकून किती प्रती मागवायच्या ते आप्पा ठरवतात. या रविवारी एका नव्या लेखकाची कादंबरी होती. त्यात एक म्हातारा तांडेल आहे, आयुष्यभर बोट हाकलेला. गच्चीवर नवं ऊन होतं, पुस्तकं मांडलेली होती, मी सावलीत बसून वाचत होते. एका पानाच्या मध्यावर माझी नजर पुढे धावली, आणि पुढे काय लिहिलंय ते दिसल्यावर मी एक परिच्छेद सोडून खालचा वाचायला लागले. आवाज जरासुद्धा बदलू दिला नाही. वर्गात वर्षानुवर्षं वाचल्यामुळे ते मला जमतं.

"थांब," आप्पा म्हणाले. "मधे काहीतरी गेलं."

"कुठे काय?"

"म्हातारा घरातून उठला आणि लगेच किनाऱ्यावर पोचला. आतापर्यंत या लेखकाने त्याला साधं पाणीसुद्धा चटकन पिऊ दिलेलं नाही. आत्ताच त्याला एवढी घाई कशी झाली?"

शेजारच्या गच्चीवर कावळा जवळ्याभोवती घिरट्या घालत होता.

"गाळू नकोस गो," ते म्हणाले. "मला पुस्तक विकायचंय. त्यात काय आहे ते मला सगळं ठाऊक हवं."

मी पानावर पुन्हा वर गेले आणि सोडलेला परिच्छेद वाचायला घेतला. म्हातारा उंबऱ्यापाशी उभा राहून पायाने चपला शोधत होता. चपला रोजच्या जागी नव्हत्या. घरात माणसं होती, पण तो कोणाला हाक मारत नव्हता. एक पाय पुढे, मग मागे, मग भिंतीकडे. लेखकाने खरंच घाई केली नव्हती, अख्खा परिच्छेद चपलाच शोधत होता. मी एकही ओळ न गाळता वाचलं.

आप्पा उन्हाकडे तोंड करून ऐकत होते.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "चपला कोणीतरी हलवतंच. याच्या पाच प्रती मागव."